दुसऱ्या मजल्यावरची चावी

पहिल्या वर्षी मी गेले तेव्हा
हिंगणा रोडच्या त्या कॉलेजात
सगळं खुलं होतं.
कोड खुला, परवाना खुला,
कुणीही वाचावं, बदलावं, वाटावं,
फळ्यावर खडूनं तसं लिहिलंच होतं.
फक्त दुसऱ्या मजल्यावरचं
बायकांचं बाथरूम बंद,
चावी चौकीदाराकडे,
आणि चौकीदार तर्री-पोहे खायला गेलेला.

दीडशे पोरं, आम्ही चौघी.
त्यातल्या दोघी नाश्त्याच्या टेबलामागे.
नोंदणीवरच्या मुलानं विचारलं,
"कोणासोबत आलात?"
मी म्हटलं, बसनं.
टी-शर्ट फक्त एक्सएल उरले होते.
माझा अजून आहे. फरशी पुसायला बरा पडतो.

नवीन माणूस कुठे बसतो, माहीत आहे?
कूलरजवळ.
पाणी उडतं म्हणून लॅपटॉपवाले तिथे फिरकत नाहीत.
तिथून पुढचं अर्धंच ऐकू येतं
आणि तिथलं पुढे काहीच जात नाही.
मी हात वर केला, विचारलं,
प्रश्न खसच्या ताटीत जिरून गेला.
मंचावरून ठवकर सर म्हणाले,
"बेसिक असेल तर आधी मॅन्युअल वाचा."
त्यांना ऐकूच आलं नव्हतं.
उत्तर मात्र तयार होतं.

सर वाईट नाहीत.
नंतर चहावर म्हणाले,
"आपल्याकडे कुणालाच मज्जाव नाही, बाप्पा."
खरंच होतं ते.
दारात अडवायला कुणी उभं नव्हतं.
दारात कुणीच उभं नव्हतं.

तिसऱ्या वर्षी मी समितीत.
दीड तास बॅनरचा रंग,
पुण्याचे पाहुणे कोणत्या गाडीनं येतात ते,
मग मी म्हटलं, चावी.
"काय?"
चावी.

सीताबर्डीत फुटपाथवरच्या चावीवाल्यानं
सात प्रती काढल्या.
"एवढ्या कायले पाहिजे, ताई?"
वाटायला, मी म्हटलं.
प्रत काढायचं स्वातंत्र्य म्हणतात ते
मला तिथे उन्हात उभं राहून कळलं,
तळहातावर पितळेचा कीस.

घरी येऊन अंजुमला दाखवल्या.
ती म्हणाली, अगं, कुलूपच काढ ना.
आतून एक कडी बसव, झालं.
हे सुचायला
आम्हाला तीन वर्षं लागली.

यंदा कामठीहून उत्पला मेश्राम आली.
बसली कुठे? कूलरजवळ.
हात वर केला, कोपरापर्यंतच,
पाहिलं तर पाहिलं, नाहीतर केस सावरले असं म्हणता यावं इतका.
अंजुम उठली
आणि तिनं कूलरचं बटण बंद केलं.

मार्चातली दुपार, दोनशे माणसं.
कुणीतरी मागून, "का बे, एकीसाठी..."
आणि स्वतःचाच आवाज मोठा ऐकू आल्यावर गप्प.
घाम मानेवरून उतरताना कळत होता.

"बाबांच्या टपरीची बिलं मी छापते," उत्पला म्हणाली,
"त्यात 'तर्री' लिहिलं
की रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो.
चूक माझी आहे का फाँटची?"

ठवकर सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
"माहीत नाही," म्हणाले.
त्या मंचावरून हे दोन शब्द
मी पहिल्यांदाच ऐकले.
"इकडे ये. पाहू आपण."

ती निघाली तेव्हा
पूर्ण रांगेला खुर्च्या सरकवाव्या लागल्या.

रफार त्या दिवशी काही जागेवर आला नाही.
साडेचारला ती गेली, बस गाठायला,
सरांचा नंबर हातावर पेननं लिहून.
कोणीतरी कूलर परत लावला.

सात चाव्या माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत.
आता कुठल्याच कुलपाला लागत नाहीत.
टाकवत नाहीत.